समुद्रसपाटीखालचा मुलूख

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर द वॉश नावाचे जे उथळ आणि चौकोनी आखात जमिनीत शिरलेले दिसते, त्याच्या दक्षिणेला, केंब्रिजशायर परगण्याच्या उत्तर टोकाशी, फेनलँड नावाचा एक स्थानिक स्वराज्याचा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ५४६ चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बेताच्या तालुक्याएवढे. आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती सुमारे १ लाख २ हजार ५००. शून्य रेखावृत्त या जिल्ह्यातूनच, मार्च आणि व्हिटल्सी या दोन गावांच्या मधून जाते. या इवल्याशा प्रदेशाला मी या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण देतो आहे, त्याचे कारण त्याच्या आकारात किंवा वैभवात नाही. ते त्याच्या भूमीत आहे. ही भूमी निसर्गाने दिलेली नसून साडेतीनशेहून अधिक वर्षे अखंड श्रमाने राखलेली आहे, तिचा मोठा भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे, आणि जेथे जमिनीचे अस्तित्वच पाण्याच्या बंदोबस्तावर अवलंबून असते तेथे राजा, बिशप, परगणा-परिषद आणि जिल्हा-परिषद या सर्वांच्या सत्तेपेक्षा पाणी काढणाऱ्याची सत्ता अधिक जुनी आणि अधिक खरी असते, ही गोष्ट फेनलँडइतकी स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे पाहावयास मिळेल.

प्रथमच येणाऱ्या प्रवाशाला येथे दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे क्षितिजापर्यंत कोठेही चढ नाही, आणि दुसरी म्हणजे नदी शेतांपेक्षा उंचावरून वाहते. रस्ता सरळ रेषेत जातो, त्याच्या कडेने तितकाच सरळ कालवा जातो, आणि दोन्ही तटांच्या मधले पाणी शेजारच्या गव्हाच्या किंवा बटाट्याच्या पिकापेक्षा माणसाच्या उंचीहूनही वर असते. येथे पाऊस फार पडतो म्हणून असे झाले, असा कोणाचा समज होईल, तर तो साफ चुकीचा आहे. वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पावसाचा हा टापू इंग्लंडमधील अत्यंत कोरड्या टापूंपैकी एक होय. आपत्ती येते ती बाहेरून. नीन आणि ग्रेट ऊझ या नद्या मध्य इंग्लंडच्या उंच प्रदेशातले पाणी घेऊन या सखल भागात उतरतात, त्यांना पुढे ढकलण्याइतका उतार येथे नाही, आणि समोरून वॉशची भरती दिवसातून दोनदा त्यांचे मुख बंद करते.

या सपाटीतही एक सूक्ष्म भेद आहे, आणि तो कळल्याखेरीज वस्तीची रचना कळत नाही. उत्तरेकडचा, विझबीच शहराभोवतीचा भाग समुद्राने आणून टाकलेल्या गाळाचा आहे. तो थोडा उंच आणि टणक असून तेथे सफरचंदांच्या बागा आणि फळशेती पूर्वीपासून चालत आली. दक्षिणेकडचा भाग कुजलेल्या वनस्पतींपासून हजारो वर्षांत साठलेल्या काळ्या मातीचा. या काळ्या दलदलीतून चिकणमातीची काही बेटे वर आलेली होती, आणि मार्च, चॅटरिस, व्हिटल्सी ही जिल्ह्यातील बाकीची तिन्ही शहरे अशा बेटांवरच वसली आहेत. व्हिटल्सीजवळच्या मस्ट फार्म या ठिकाणी विटांची माती काढण्याच्या खाणीत, इसवी सनापूर्वी सुमारे ८५० सालची, पाण्यावर खांब रोवून बांधलेली घरे सापडली. ती बांधल्यावर वर्षभराच्या आतच आगीत जळून खाली नदीत कोसळली आणि गाळात जशीच्या तशी राहिली. कापड, लाकडी भांडी, इतकेच नव्हे तर भांड्यातले अन्नही. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसे पाणी हटवीत नव्हती. पाण्यावर राहत होती, ओंडके कोरून केलेल्या होड्यांतून हिंडत होती. हा जीवनक्रम सतराव्या शतकापर्यंत या ना त्या रूपाने टिकून होता. बाम मासे, बोरू, चराऊ गवत आणि जळणासाठी कापलेली पीट (तीच काळी माती) ही दलदलीतील लोकांची संपत्ती होती, आणि तिच्यावर त्यांचा सामाईक हक्क होता.

तो हक्क कसा गेला ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ईलीचे बिशप जॉन मॉर्टन यांनी पंधराव्या शतकाच्या शेवटी नीनचे पाणी सरळ गायहर्न गावाकडे नेणारा एक मोठा चर खणला, तो मॉर्टन्स लीम या नावाने आजही वाहतो. परंतु समग्र दलदल आटवण्याची योजना आली ती १६३० मध्ये. त्या वर्षी किंग्ज लिन येथे झालेल्या करारान्वये बेडफर्डचे चौथे अर्ल फ्रान्सिस रसेल यांनी हे काम अंगावर घेतले, भांडवल घालणारे तेरा सहभागीदार त्यांना मिळाले, आणि मोबदला म्हणून सुकलेल्या जमिनीपैकी ९५,००० एकर त्यांच्या पदरात पडावयाचे ठरले. तांत्रिक सूत्रे कॉर्नेलियस व्हरमायडन या डच अभियंत्याकडे होती. नदीच्या नागमोडी पात्राऐवजी एकवीस मैलांचा सरळ कालवा काढावा, म्हणजे उतार वाढून पाणी वेगाने जाईल, ही त्याची मूळ कल्पना; त्यातून १६३७ मध्ये ओल्ड बेडफर्ड नदी आणि १६५१ मध्ये तिला समांतर न्यू बेडफर्ड नदी निर्माण झाली. दोहोंच्या मधली जमीन पुराचे जादा पाणी साठवण्यासाठी मुद्दाम मोकळी ठेवली गेली, आणि ती तशीच आहे. जिल्ह्याच्या आग्नेय सीमेवरचे हे पूरक्षेत्र हिवाळ्यात सायबेरियाकडून येणाऱ्या हंसांनी भरून जाते. मधल्या काळात राजा पहिला चार्ल्स याने योजना स्वतःकडे घेतली आणि मॅनी या गावी आपल्या नावाचे नगर वसवण्याचा मनसुबा केला. यादवी युद्धाने तो राजा आणि ते नगर दोन्ही नाहीसे झाले. १६४९ नंतर काम पुन्हा सुरू झाले तेव्हा डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश आणि समुद्रावर पकडलेले डच युद्धकैदी या चिखलात राबवले गेले.

स्थानिक लोकांनी बांध फोडले, नव्या कुंपणांना आगी लावल्या, दंगे केले. इतिहासग्रंथांतून या प्रतिकाराकडे बराच काळ प्रगतीला केलेला अडाणी विरोध म्हणून पाहिले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. ज्यांची मासेमारी आणि गायराने एका सनदेच्या फटकाऱ्यासरशी लंडनच्या भांडवलदारांच्या मालकीची झाली, त्यांना नफ्याचा वाटा देण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते.

व्हरमायडनच्या हिशेबात एक गोष्ट मात्र राहून गेली. पाणी काढल्यावर काळी माती सुकते, आकसते, हवेच्या संपर्काने जळून जाते आणि उरलेली वाऱ्याबरोबर उडते. परिणामी जमीन खचू लागली, आणि ज्या कालव्यांत शेतांचे पाणी आपोआप उतरत होते ते कालवेच शेतांपेक्षा उंच झाले. म्हणून पवनचक्क्या आल्या. जमीन आणखी खचली म्हणून १८२० नंतर वाफेची यंत्रे आली. पुढे डिझेलची आणि विजेची. पाणी जितके अधिक उपसावे तितकी जमीन खाली जाते, आणि जमीन जितकी खाली जाते तितके अधिक पाणी उपसावे लागते. शेजारच्या हंटिंग्डनशायर जिल्ह्यात होम फेन येथे १८५१ च्या सुमारास जमिनीत पुरलेला लोखंडी स्तंभ, ज्याचे टोक तेव्हा जमिनीशी समपातळीत होते, आज चार मीटरच्या आसपास उघडा उभा आहे. फेनलँडमधील रस्ते वेडेवाकडे का, जुनी घरे एका अंगाला का कललेली, याचे उत्तर त्या स्तंभात आहे. याउलट प्राचीन नद्यांचे गाळाने भरलेले तळ, ज्यांना तेथे रॉडन म्हणतात, खचले नाहीत. ते आता सभोवतालच्या शेतांतून फिकट रंगाच्या वळणदार उंचवट्यांसारखे वर आले आहेत आणि शहाणा शेतकरी घर बांधतो ते त्यांवरच.

आता कारभाराकडे वळू. या भागातील सर्वांत जुनी सार्वजनिक हुकूमत बांध आणि चर यांची होती. आठव्या हेन्रीच्या १५३१ च्या कायद्याने जलनिस्सारणाच्या आयुक्तांना बांधांची पाहणी करण्याचे, कोणी किती बांध राखावा हे ठरवण्याचे, पट्टी बसवण्याचे आणि ती न देणाऱ्यास शासन करण्याचे अधिकार मिळाले; १६६३ मध्ये बेडफर्ड लेव्हल कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली; आणि एकोणिसाव्या शतकात तिच्यातून मधल्या भागासाठी मिडल लेव्हल कमिशनर्स हे मंडळ वेगळे निघाले, ज्याचे दप्तर आज मार्च शहरात आहे. त्याच्या क्षेत्रात सुमारे ७०,००० हेक्टर जमीन येते. त्याच्याखाली आणि आजूबाजूला अंतर्गत जलनिस्सारण मंडळे नावाची अनेक लहान लहान मंडळे आहेत, ज्यांना १९३० च्या कायद्याने आजचे स्वरूप आले. या मंडळांच्या निवडणुकीत प्रत्येकाचे मत सारखे नसते. ज्याची जमीन अधिक मोलाची त्याची मते अधिक. लोकशाहीच्या साध्या न्यायाला ही पद्धत विसंगत वाटेल, पण तिच्या मागे एक जुना दंडक आहे, तो असा की ज्याचे बुडेल त्याने द्यावे आणि जो देईल त्याने ठरवावे.

या मंडळांचे काम चुकले तर काय होते याचा दाखला मे १८६२ मध्ये मिळाला. मिडल लेव्हलच्या मुख्य कालव्याच्या मुखाशी, नॉरफोक परगण्यातील सेंट जर्मन्स येथे भरतीचे पाणी अडवणारी जी दरवाजांची भिंत होती ती कोसळली, समुद्र कालव्यातून आत घुसला, आणि हजारो एकर शेतीवर खारे पाणी पसरले. त्याच ठिकाणी १९३४ मध्ये पंपांचे केंद्र उभे राहिले आणि २०१० च्या सुमारास त्याच्या जागी नवे आले, जे पूर्ण क्षमतेने चालले म्हणजे सेकंदाला १०० घनमीटर पाणी उचलून नदीत टाकते. फेनलँडमधील एक लाख माणसांपैकी बहुतेकांचे सुरक्षित झोपणे त्यांच्या जिल्ह्याच्या आणि परगण्याच्याही सीमेबाहेर असलेल्या या इमारतीवर अवलंबून आहे. राजकीय सीमा आणि पाण्याच्या सीमा यांचा मेळ येथे कधीच बसला नाही.

मुलकी सत्तेचा इतिहास निराळाच आहे. हा सगळा प्रदेश पूर्वी आयल ऑफ ईली या इलाख्यात मोडत असे, आणि तेथे राजाच्या ऐवजी ईलीच्या बिशपचा दिवाणी व फौजदारी अंमल चाले. न्यायाधीश तो नेमी, दंड त्याच्या खजिन्यात जाई. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पार्लमेंटने ही धार्मिक जहागिरी संपुष्टात आणली. विझबीचला मात्र सहाव्या एडवर्डकडून १५४९ मध्ये स्वतंत्र सनद मिळाली होती आणि तेथील नागरिक आपले दहा प्रमुख निवडून नगराचा कारभार पाहत. १८८९ मध्ये आयल ऑफ ईलीला स्वतःची परगणा-परिषद मिळाली, तिची कचेरी मार्चला होती. १९६५ मध्ये ती केंब्रिजशायरमध्ये विलीन झाली. आणि १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यान्वये १ एप्रिल १९७४ रोजी विझबीचची नगरपालिका, मार्च, चॅटरिस व व्हिटल्सी हे तीन नागरी विभाग आणि विझबीच व नॉर्थ विचफर्ड हे दोन ग्रामीण विभाग एकत्र करून आजचा फेनलँड जिल्हा घडवला गेला.

भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे जिल्हा म्हटल्याबरोबर कलेक्टरची कचेरी उभी राहते. फेनलँडमध्ये असा सरकारनियुक्त अधिकारी कोणीच नाही. मार्चमधील फेनलँड हॉल या इमारतीत चाळीसहून काही अधिक निवडून आलेल्या सभासदांची परिषद भरते, बहुमताचा पक्ष नेता आणि त्याचे मंत्रिमंडळासारखे कार्यकारी मंडळ देतो, आणि पगारी नोकरवर्ग त्यांच्या आज्ञेत राहतो. तिच्या अधिकाराचा परीघ मात्र अरुंद आहे. कचरा उचलणे, घरबांधणीला परवानगी देणे, बेघरांची सोय लावणे, उपाहारगृहांची तपासणी आणि बाजारपेठांची व्यवस्था ही कामे जिल्ह्याची. शाळा, रस्ते, वृद्धांची आणि अनाथ बालकांची काळजी ही केंब्रिजशायर परगणा-परिषदेची. वाहतूक आणि आर्थिक विकासाची काही सूत्रे २०१७ पासून केंब्रिजशायर आणि पीटरबरो यांच्या संयुक्त प्राधिकरणाच्या महापौराकडे. आणि खाली शहरांच्या व गावांच्या आपापल्या परिषदा. घरपट्टी वसूल करते जिल्हा-परिषद, पण त्यातील मोठा हिस्सा परगण्याला, मग पोलीस आणि अग्निशामक दलाला जातो. जो वसुलीची नोटीस पाठवतो त्याच्याच नावाने लोक बोटे मोडतात, मग खर्च दुसऱ्यानेच का केलेला असेना.

पाणी काढणाऱ्या मंडळांची गाठ या परिषदेशी पडते ती पैशाच्या संबंधात. शेतजमिनीवरची पट्टी मंडळे शेतकऱ्यांकडून थेट घेतात. घरे, दुकाने आणि कारखाने यांच्या वतीने जिल्हा-परिषदेने एक विशेष वर्गणी भरावयाची, आणि त्या बदल्यात मंडळांवर आपले काही सभासद नेमावयाचे, असा शिरस्ता आहे. वर्गणी किती हे मंडळे ठरवतात. परिषदेला ती नाकारता येत नाही. २०२२ नंतर विजेचे दर भडकले तेव्हा पंप चालवण्याचा खर्च वाढला, वर्गणीही वाढली, आणि केंद्र शासनाला अशा सखल भागातील परिषदांना साहाय्य द्यावे लागले.

लोकवस्तीचा विचार करताना विझबीचपासून आरंभ करणे उचित होय. नीन नदीच्या दोन्ही काठांवरच्या अठराव्या शतकातील विटांच्या घरांच्या रांगा इंग्लंडमधील अत्यंत सुंदर नगररचनांमध्ये गणल्या जातात, आणि त्या धान्य, तेलबिया व लाकूड यांच्या व्यापारातून उभ्या राहिल्या. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारे टॉमस क्लार्कसन यांचा जन्म १७६० मध्ये येथलाच. गरिबांच्या घरांसाठी झटणाऱ्या आणि पुढे नॅशनल ट्रस्टच्या स्थापनेत भाग घेणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल १८३८ मध्ये येथेच जन्मल्या. जवळच्या पार्सन ड्रोव्ह गावी निळा रंग देणाऱ्या वोड या वनस्पतीची गिरणी १९१४ पर्यंत होती. हिंदुस्थानातील निळीने तिचा बाजार घेतल्यानंतरही निळीच्या हौदात आंबवण आणण्यासाठी वोड लागत असे, म्हणून ती तग धरून राहिली. मार्च वाढले रेल्वेमुळे. तेथील व्हाइटमूर येथे वाघिणींची जुळणी करण्याचे अवाढव्य यार्ड होते, आणि त्याच्या जागेपैकी काही भागावर आता कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग आहे. व्हिटल्सी विटांचे गाव, चॅटरिस लहानसे शेतीचे.

शेतीने मात्र या जिल्ह्याला श्रीमंत जमीन आणि गरीब मजूर दिले. दलदल आटवून निघालेल्या शेतांवर वस्ती नव्हती, घरे बांधून देण्यास जमीनमालक तयार नव्हते, तेव्हा शहरांतून आणि मोठ्या खेड्यांतून बायका व मुले यांच्या टोळ्या करून मुकादम त्यांना मैलोगणती चालवत नेई. तण काढणे, दगड वेचणे, बटाटे गोळा करणे ही कामे सहा-सात वर्षांची मुले करत. या प्रकाराची चौकशी झाल्यावर १८६७ मध्ये टोळ्यांचा कायदा झाला. आठ वर्षांखालील मुलांना कामास लावण्याची बंदी, स्त्री-पुरुषांच्या एकत्र टोळ्यांना बंदी, आणि मुकादमास परवाना सक्तीचा. उसाच्या फडात टोळ्या आणि मुकादम यांची व्यवस्था पाहिलेल्या मराठी वाचकाला या कायद्यातील प्रत्येक कलमाची निकड लगेच उमगेल. विसाव्या शतकात लंडनच्या पूर्व भागातील कुटुंबे स्ट्रॉबेरी वेचण्यास येत. आणि मे २००४ मध्ये युरोपीय संघाचा विस्तार झाल्यावर लिथुएनिया, लॅटव्हिया व पोलंड येथून हजारो तरुण विझबीचला आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरच्या मोरकंब उपसागरात शिंपले वेचणारे तेवीस चिनी मजूर भरतीत बुडाले, तेव्हा पार्लमेंटने पुन्हा मुकादमांना परवान्याचा कायदा केला. १३७ वर्षांनी तोच उपाय करावा लागला.

जिल्ह्याची वस्ती २००१ मध्ये ८३,५०० होती, २०११ मध्ये ९५,३०० झाली, आणि पुढील दशकात एक लाख ओलांडून गेली. वाढीबरोबर शाळांत नव्या भाषा आल्या, जुन्या घरांत दाटी झाली, वेतनावरून आणि दवाखान्यातील रांगांवरून कटुताही आली. २०१६ च्या सार्वमतात येथील ७१.४ टक्के मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली. या मतदानाचा अर्थ केवळ परदेशीयांविषयीच्या रागात शोधणे मला अपुरे वाटते. पन्नासएक किलोमीटरवर केंब्रिज आहे, एकाच परगण्यात, एकाच परिषदेखाली. तेथे विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि गगनाला भिडणाऱ्या घरांच्या किमती, आणि येथे विझबीचला १९६८ पासून प्रवासी रेल्वेसुद्धा नाही. रेल्वे पुन्हा सुरू करण्याची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

१६ डिसेंबर २०२४ रोजी ब्रिटिश शासनाने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेनुसार परगणा आणि जिल्हा ही दोन स्तरांची व्यवस्था इंग्लंडभर मोडून एकस्तरीय मोठ्या परिषदा आणावयाच्या आहेत. अर्थात १९७४ मध्ये जन्मलेला हा जिल्हा फार दिवस राहणार नाही. तो पश्चिमेच्या पीटरबरोशी जोडावा की दक्षिणेच्या केंब्रिजशी, याची चर्चा सुरू झाली. जलनिस्सारण मंडळे त्या फेरबदलात येत नाहीत. पट्टी, वर्गणी, पंप आणि बांध जेथले तेथेच राहतील. बदलेल ते एवढेच की मंडळांवर बसणारे परिषदेचे सभासद नेमण्याचा अधिकार मार्चमधून दूरच्या एखाद्या कचेरीत जाईल, आणि तेथे बहुसंख्या उंचवट्यावर राहणाऱ्यांची असेल. नव्या परिषदेचे निवडणूक-विभाग आखण्यापूर्वी या नेमणुका कोणाच्या हाती राहाव्या याचा निर्णय व्हावा, आणि तो खचत्या जमिनीवर राहणाऱ्यांच्या बाजूने व्हावा, असे माझे मत आहे.